गव्हाची बाधा आणि बालकाची परीक्षा

ज्या अन्नावर मुलाने वाढावे तेच अन्न त्याच्या देहास बाधक व्हावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी कोणासही खरी वाटत नाही. दूध, वरण, भात, पोळी या नित्याच्या पदार्थांविषयी गृहिणीच्या मनात सहसा संशय उद्भवत नाही. मूल खंगू लागले की दृष्ट, दात, जंत, हवापाणी या कारणांचा विचार प्रथम होतो आणि ताटातील पोळीचा विचार सर्वांत शेवटी होतो. तथापि जगात सुमारे शंभरात एका माणसाच्या बाबतीत गव्हातील एक द्रव्य आतड्यास अपाय करीत असते, आणि हा अपाय जन्मभर चालू राहू शकतो. या विकारास वैद्यकात सीलिअ‍ॅक असे नाव आहे. दीड-दोन वर्षांच्या बालकास हा विकार आहे किंवा नाही हे ठरविण्याची रीत आज चांगलीच निश्चित झालेली आहे. परंतु त्या रीतीस एक अट आहे, आणि ती पाळणे डॉक्टरांपेक्षा घरच्या माणसांच्या हाती अधिक आहे. ती अट अशी की, परीक्षा पुरी होईपर्यंत मुलाच्या आहारातील गहू आपल्या मताने बंद करावयाचा नाही. ही अट का घातली आहे आणि ती मोडल्यास मुलाचे कोणते नुकसान होते, हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे.

गव्हातील या द्रव्यास ग्लूटेन म्हणतात. ते पाहण्यास प्रयोगशाळेत जावे लागत नाही. कणकेचा घट्ट गोळा पाण्याच्या धारेखाली धरून हळूहळू चोळीत राहिले, की पिठूळ पांढरा भाग पाण्याबरोबर निघून जातो आणि हातात रबरासारखा ताणला जाणारा चिवट गोळा उरतो. हाच ग्लूटेन होय. पोळीचा मऊपणा, पावाचा फुगीरपणा आणि शेवयांची न तुटणारी तार ही सर्व याच द्रव्याची करामत आहे. ज्वारीच्या पिठात ते नसते. म्हणून भाकरी पोळीसारखी सहज लाटता येत नाही, उकळत्या पाण्यात पीठ भिजवून ती हाताने थापावी लागते. गव्हाखेरीज जव आणि राय या धान्यांतही त्याच कुळातील प्रथिने असतात.

निरोगी माणसाच्या लहान आतड्याचे आतील अस्तर मखमलीसारखे असते. त्यावर असंख्य सूक्ष्म अंकुर उभे असतात; त्यांस रसांकुर म्हणतात. अन्नाचा पचलेला रस याच अंकुरांच्या द्वारे रक्तात शोषला जातो. ग्लूटेनचे पूर्ण पचन कोणाच्याच पोटात होत नाही. त्याचे काही तुकडे तसेच अस्तरापर्यंत पोचतात. बहुतेकांस त्याचा काहीच उपद्रव होत नाही. परंतु विशिष्ट आनुवंशिक ठेवण लाभलेल्या काही व्यक्तींत शरीराची संरक्षक शक्ती या तुकड्यांस शत्रू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडताना स्वतःच्याच आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करते. रसांकुर झिजत जाऊन अखेर सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम, स्निग्ध पदार्थ व जीवनसत्त्वे आतड्यातून जशीच्या तशी वाहून जातात. मूल जेवते, परंतु जेवण अंगी लागत नाही.

या संघर्षात शरीर जी द्रव्ये निर्माण करते त्यांस प्रतिपिंड म्हणतात. ती रक्तात सापडतात आणि त्यांवरच रोगाची मुख्य परीक्षा आधारलेली आहे. येथे एक गोष्ट पक्की ध्यानी ठेवावी. ग्लूटेन पोटात जात असेतोवरच हे प्रतिपिंड विपुल असतात. गहू बंद झाला की काही आठवड्यांत ते ओसरू लागतात आणि रसांकुरही हळूहळू पुन्हा उगवू लागतात. रोगाची प्रवृत्ती मात्र कायम राहते. तिची खूण तेवढी पुसली जाते. परीक्षा ही खुणेची असते. खूण पुसल्यावर परीक्षक काय पाहणार?

या विकाराचा इतिहासही याच मुद्द्याभोवती फिरतो. प्राचीन काळी कॅपाडोशियाच्या आरेटीअस नामक ग्रीक वैद्याने जुनाट अतिसाराचे जे वर्णन केले त्यातील पोटवाचक ग्रीक शब्दावरून या रोगाचे नाव पडले. पुढे १८८७ साली सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरांनी लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात एक व्याख्यान दिले आणि एक ते पाच वर्षांच्या मुलांत दिसणाऱ्या या रोगाचे स्पष्ट चित्र उभे केले. रोग बरा झालाच तर तो आहारानेच होईल, असे त्यांचे मत होते. शिंपल्यांतील मांसावर ठेवलेले एक मूल सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खालावले, अशी नोंदही त्यांनी केली आहे. परंतु नेमके कोणते अन्न अपाय करते हे त्यांस उमगले नाही. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचविला. त्याने मुले सुधारत. परंतु त्याचे श्रेय केळ्यांस दिले गेले, बंद झालेल्या पावाकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

खरे कारण हॉलंडमधील विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले. हेग येथील बालरुग्णालयात काम करीत असता गव्हाविषयी त्यांचा संशय महायुद्धापूर्वीच बळावला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. इतर मुले उपासमारीने खंगत असता सीलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारू लागली. आणि पाव पुन्हा मिळू लागताच तीच मुले परत आजारी पडली. पुढे पद्धतशीर प्रयोग करून डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध उत्रेख्त विद्यापीठास सादर केला. १९५६ साली मार्गो शायनर यांनी नळीच्या साहाय्याने लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढण्याची युक्ती साधली. त्यामुळे सपाट झालेले रसांकुर जिवंत रुग्णात पाहता येऊ लागले. १९९७ साली जर्मन संशोधकांनी टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे द्रव्य प्रतिपिंडांचे लक्ष्य असल्याचे शोधून काढले आणि साध्या रक्तपरीक्षेचा मार्ग मोकळा झाला.

हा विकार गोऱ्या लोकांचा आहे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. १९६६ च्या सुमारास उत्तर भारतातील बालकांत त्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली आणि ती समजूत डळमळीत झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशाच्या उत्तर, ईशान्य व दक्षिण भागांतील २३,३३१ निरोगी प्रौढांची तपासणी करण्यात आली. सीलिअ‍ॅकचे प्रमाण उत्तरेकडे हजारी साडेआठ, ईशान्येकडे हजारी साडेचारांहून किंचित अधिक, आणि दक्षिणेकडे दहा हजारांत जेमतेम एक असे आढळले. तथापि रोगास अनुकूल असलेली आनुवंशिक ठेवण उत्तरेत शेकडा ३८ व दक्षिणेत शेकडा ३६, म्हणजे जवळजवळ सारखीच निघाली. मग भेद कोठे होता? तो ताटात होता. उत्तरेकडील माणूस दिवसाकाठी सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, तर दक्षिणेकडील केवळ २५ ग्रॅम.

धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे २०२३ पर्यंत ज्यास उस्मानाबाद म्हणत त्या जिल्ह्याच्या, दृष्टीने हे आकडे विचार करावयास लावणारे आहेत. परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या या आठ तालुक्यांत ज्वारीची भाकरी हे पिढ्यानुपिढ्यांचे मुख्य अन्न होय. गव्हाची पोळी सणावाराची, पाहुण्यारावळ्यांची. ती स्थिती आता राहिलेली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये स्वस्त धान्याच्या दुकानातून घरोघर जे धान्य पोचते त्यात मुख्यतः गहू व तांदूळ असतात. खेड्यातील लहानशा दुकानातही बिस्किटांचे पुडे टांगलेले असतात आणि रांगत्या मुलाच्या हाती पहिला खाऊ म्हणून बिस्कीटच पडते. रव्याची खीर, शेवया, टोस्ट, पाव ही तर शहरी घरांतील नित्याची बाब झाली आहे. बीज पूर्वीपासून होते. आता त्यास पाणी मिळू लागले आहे. ज्या रोगाचा विचार आजोबांच्या काळी या भागात कोणी केला नसता, त्याचा विचार नातवाच्या बाबतीत करणे म्हणूनच अवश्य झाले आहे.

संशय केव्हा घ्यावा? गहू सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी, बहुधा पहिल्या वाढदिवसाच्या मागेपुढे, पूर्वी बाळसेदार असलेले मूल उतरू लागते. शौचास वारंवार, पातळ, दुर्गंधीयुक्त व तेलकट होते. पोट नगाऱ्यासारखे फुगते, आणि हातपाय व ढुंगण मात्र सुकत जाते. मूल चिडचिडे बनते आणि खाण्यास तोंड फिरविते. वजनाचा आलेख वर जाण्याऐवजी आडवा होतो किंवा खाली वळतो. काही मुलांत जुलाब मुळीच नसतात; उलट बद्धकोष्ठ असते, किंवा लोहाचे औषध महिनोन्महिने देऊनही रक्तक्षय हटत नाही, किंवा उंचीच वाढत नाही. घरात आईवडील अथवा भावंड यांपैकी कोणास हा विकार असेल, किंवा मुलास बालवयातील मधुमेह अथवा डाउन सिंड्रोम असेल, तर बाह्य लक्षणे नसतानाही परीक्षा करणे इष्ट असते.

या लक्षणांवर जुन्या मंडळींची उत्तरे ठरलेली असतात. दात येत आहेत, दृष्ट लागली आहे, मुडदूस झाला आहे. यांतील कोणतेही उत्तर पुरेसे मानू नये. तसेच दुसऱ्या टोकास जाऊन प्रत्येक जुलाबास गव्हाचा दोष मानणेही चुकीचेच ठरेल. या वयाच्या मुलांत अतिसाराचे कारण बहुधा दूषित पाणी व त्यातून होणारा संसर्ग हेच असते. जंत, क्षय, दुधाची बाधा आणि अपुरा आहार हीही कारणे आहेतच. कोणते कारण प्रथम तपासावयाचे हा डॉक्टरांचा प्रांत आहे. घरच्यांनी नोंद मात्र ठेवावी : वजन कोणत्या महिन्यात किती होते, गहू केव्हा सुरू केला, शौच कसे होते. माता व बाल संरक्षण पत्रिकेतील वाढीचा आलेख नीट भरलेला असेल तर तो डॉक्टरांस दहा प्रश्नांची उत्तरे न विचारता देतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याखालील पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. त्या वेळी ही पत्रिका दाखविण्यास विसरू नये.

कुपोषित मुलाच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी. जे मूल पुरेसे अन्न मिळूनही वाढत नाही, त्यास आणखी गव्हाची लापशी, आणखी शिरा, आणखी बिस्किटे देण्याकडे सर्वांचा स्वाभाविक कल असतो. ते मूल सीलिअ‍ॅकचे असेल तर हा प्रेमाचा घासच त्याच्या आतड्यावर घाव घालीत राहतो. खाऊ घालूनही वजन वाढत नसेल तर केवळ घास वाढवीत बसू नये, कारण शोधावे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. तिची पहिली पायरी म्हणजे रक्तपरीक्षा. हाताच्या शिरेतून काही मिलिलिटर रक्त घेतात. मुलास उपाशी ठेवण्याची गरज नसते. यात दोन गोष्टी एकाच वेळी तपासावयाच्या असतात. एक, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धचे ‘आय. जी. ए.’ जातीचे प्रतिपिंड. यास डॉक्टर संक्षेपाने ‘टी. टी. जी.’ म्हणतात. दुसरी, रक्तातील एकूण ‘आय. जी. ए.’चे प्रमाण. ही दुसरी तपासणी अनावश्यक वाटून पुष्कळदा गाळली जाते, आणि तेथे घोटाळा होतो. सीलिअ‍ॅकच्या शंभरांपैकी दोन-तीन रुग्णांच्या शरीरात ‘आय. जी. ए.’ हे द्रव्यच जवळजवळ तयार होत नाही. अशा मुलाची पहिली परीक्षा रोग असूनही निर्दोष दिसते. एकूण प्रमाण कमी आढळल्यास ‘आय. जी. जी.’ जातीचे प्रतिपिंड तपासावे लागतात. लहान मुलांत हे प्रमाण स्वभावतः मोठ्यांहून कमी असते. म्हणून त्याची तुलना त्या वयाच्या मापाशीच करावयाची असते.

निकालाचा अर्थ लावताना केवळ आकडा पाहून चालत नाही. त्या प्रयोगशाळेने सामान्य प्रमाणाची वरची मर्यादा कोणती धरली आहे, हे पाहावे लागते. एका ठिकाणी ती १० असेल, तर दुसऱ्या ठिकाणी २०. मूल पुरेसा गहू खात असता टी. टी. जी. मर्यादेच्या आत असेल आणि एकूण आय. जी. ए. ठीक असेल, तर त्या वेळी सीलिअ‍ॅकचा संभव फारच थोडा समजावा व डॉक्टरांनी अन्य कारणे शोधावीत. आकडा मर्यादेच्या किंचित वर असेल तर घाबरून जाऊ नये. संसर्गामुळेही तो तात्पुरता वाढू शकतो. अशा वेळी परीक्षा पुन्हा करतात किंवा पुढील पायरी गाठतात.

दुसरी पायरी म्हणजे दुर्बिणीने तपासणी. मुलास काही तास उपाशी ठेवून झोपेचे किंवा भुलीचे औषध देतात. तोंडावाटे बारीक लवचीक नळी घालून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील निरनिराळ्या ठिकाणांहून तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतात. ते निदान पाच असावेत. कारण झीज सर्वत्र सारखी नसते व एकच तुकडा फसवू शकतो. आतड्याच्या अस्तरास वेदनेची जाणीव अशी नसते आणि सारे काम थोड्याच वेळात आटोपते. सूक्ष्मदर्शकाखाली रसांकुर उभे आहेत की सपाट झाले आहेत, हे स्पष्ट दिसते.

एके काळी बालकास या अग्निदिव्यातून तीनदा जावे लागत असे. १९६९ साली युरोपातील बालपचनतज्ज्ञांच्या संस्थेने जे निकष ठरविले त्यांत गहू चालू असता एकदा, बंद केल्यावर दुसऱ्यांदा व पुन्हा सुरू केल्यावर तिसऱ्यांदा तुकडा काढणे अभिप्रेत होते. १९९० साली हे बंधन पुष्कळ सैल झाले. त्याच संस्थेने २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली सुधारित नियम घालून दिले. त्यांनुसार टी. टी. जी.चा आकडा सामान्य मर्यादेच्या दसपट किंवा अधिक असेल, आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात एन्डोमायसियमविरुद्धचे प्रतिपिंडही सापडले, तर आईवडिलांशी विचारविनिमय करून तुकडा न काढताही निदान पक्के करता येते. दसपट म्हणजे मर्यादा १० असल्यास १००, २० असल्यास २००. हा मार्ग आपल्या मुलास लागू आहे की नाही, हे बालपचनतज्ज्ञानेच ठरवावे. कारण तपासणीच्या साधनांचा दर्जा सर्वत्र सारखा नसतो.

आनुवंशिक तपासणीविषयी बराच गैरसमज आहे. डी. क्यू. २ आणि डी. क्यू. ८ ही दोन्ही अनुवंशचिन्हे नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच असे म्हणता येते. परंतु ती असली म्हणजे रोग आहेच, असे मुळीच होत नाही. वर सांगितलेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशातील निरोगी माणसांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांत ती असतात. म्हणून ही तपासणी नकार देण्यास उपयोगी, होकार देण्यास निरुपयोगी. गव्हाची अ‍ॅलर्जी हीसुद्धा निराळी गोष्ट होय. तीत गहू खाल्ल्यावर लवकरच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा उलटी होते. तिच्या तपासण्या वेगळ्या आणि तिचा शेवटही पुष्कळदा वेगळा असतो, कारण मोठेपणी ती बहुधा सुटते. सीलिअ‍ॅक सुटत नाही.

आता मूळ अटीकडे यावे. समजा, कळंब तालुक्यातील एखाद्या घरी दीड वर्षाचे मूल असेच खंगत आहे. कोणी हितचिंतक सांगतो, गहू बंद करून पाहा. घरचे गहू बंद करतात आणि तीन आठवड्यांत पोट उतरते, मूल हसू-खेळू लागते. सर्वांस हायसे वाटते. दोन महिन्यांनी मंडळी त्यास सोलापूरला किंवा लातूरला दाखवावयास नेतात, तेव्हा रक्तपरीक्षा निर्दोष येते. आता हे मूल सीलिअ‍ॅकचे आहे की संसर्गातून आपोआप बरे झाले, याचे उत्तर कोण देणार? उत्तर हवे तर गहू पुन्हा सुरू करून, मुलास पुन्हा आजारी पाडून परीक्षा करावी लागते. पाच वर्षांच्या आत असे करणे शक्यतो टाळावे, असे तज्ज्ञांचे मत आहे; कारण याच वयात देहाची व दातांची वाढ झपाट्याने होत असते. म्हणजे तीन-साडेतीन वर्षे ते कुटुंब संशयात राहते. रोग नसेल तर मुलावर विनाकारण बंधन पडते. रोग असेल तर निदानाचा पक्का आधार नसल्याने पथ्यात ढिलाई होते, लग्नकार्यात ‘एवढ्याने काय होते’ म्हणून पोळीचा तुकडा दिला जातो, आणि आतडे आतल्या आत झिजत राहते. तीन आठवड्यांच्या उताविळीची ही किंमत होय. म्हणून सूत्र असे : आधी परीक्षा, मग पथ्य.

या सूत्रास ज्वारीच्या मुलखात एक पोटकलम जोडावे लागते. ज्या घरी मुलास भाकरी कुस्करून दूध, वरणभात आणि क्वचित एखादे बिस्कीट एवढेच मिळते, तेथे गहू बंद न करताही तो अत्यल्प असतो, आणि परीक्षा तेवढ्यामुळे फसू शकते. इंग्लंडमधील अधिकृत मार्गदर्शनात परीक्षेपूर्वी निदान सहा आठवडे, दररोज एकाहून अधिक वेळच्या जेवणात ग्लूटेन असावे, असे म्हटले आहे. घरच्या मध्यम पोळीस पंचवीस-तीस ग्रॅम कणीक लागते आणि तीत सुमारे दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असते. यावरून अंदाज करता येतो. डॉक्टर सहसा ‘मूल पोळी खाते का’ असे विचारतात आणि घरचे ‘हो’ म्हणतात. रोज किती, आठवड्यातून किती वेळा, हे आपण होऊन सांगावे. गहू वाढवावयाचा की नाही, हा निर्णय मात्र त्यांच्यावरच सोपवावा. फार अशक्त झालेल्या मुलास तो भार सोसणार नाही.

निदान पक्के झाल्यावर मात्र क्षणाचाही विलंब नको. यावर औषध नाही. ग्लूटेनविरहित आहार हाच उपचार, आणि तो आजन्म. येथे या जिल्ह्याचे भाग्य मोठे आहे. पाश्चात्त्य देशांतील आईस जे विशेष पीठ महाग किमतीस आणावे लागते, त्याहून उत्तम पीठ येथील कणगीत आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा आणि सर्व डाळी स्वभावतःच ग्लूटेनविरहित आहेत. इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रयोगशाळेत व मोजक्या रुग्णांवर ज्वारीची परीक्षा घेऊन ती निर्धोक असल्याचे दाखविले. मालदांडीची भाकरी, मुगाचे वरण, दूध, अंडी, शेंगदाणे, भाजी आणि फळे यांवर असे मूल उत्तम वाढते. पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा स्वभाव पालटतो, आणि काही महिन्यांत वजनाचा आलेख वर चढू लागतो. टी. टी. जी. ओसरण्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. म्हणून ठरावीक अंतराने तपासणी चालू ठेवावी.

परंतु भाकरी निर्दोष असली तरी तिची वाट निर्दोष असेलच असे नाही. दररोज सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लूटेन, म्हणजे एका पोळीचा चाळिसावा भाग, काही महिने पोटात गेला तरी आतड्यास इजा होते. गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली तर पहिल्या पायलीत कणीक मिसळतेच. यास्तव अशा मुलाचे दळण घरच्या जात्यावर किंवा स्वतंत्र घरघंटीवर काढावे. पोळपाट, कणकेची परात व चाळणी त्याच्यासाठी वेगळी असावी. बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. रवा, मैदा, शेवया, दलिया, सातूचे पीठ ही सारी वर्ज्य. खपली गहू पचनास हलका म्हणून चालतो, ही समजूत घातक आहे. खपली हा गहूच होय आणि त्यात ग्लूटेन असतेच. बांधीव पदार्थ घेताना वेष्टन वाचावे. आपल्या देशाच्या नियमांनुसार ‘ग्लूटेनविरहित’ म्हणविणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. अंगणवाडीच्या सेविकेस व पुढे शाळेतील गुरुजनांस ही गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी. सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही रक्तपरीक्षा करून घ्यावी. कारण त्यांत शेकडा सात ते दहा जणांस हा विकार आढळतो, आणि पुष्कळदा कोणतेही बाह्य लक्षण नसते.

शेवटी आईविषयी. अशा घरात दोषाचे बोट बहुधा सुनेकडे वळते : पोळी लवकर दिली, अंगावरचे दूध लवकर तोडले, इत्यादी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील दोन मोठ्या प्रयोगांत गहू सुरू करण्याचा काळ मागेपुढे करूनही रोग टळत नाही, असेच दिसून आले. त्यांत स्तनपानानेही तो टळल्याचे दिसले नाही. हा विकार कोणाच्या चुकीने होत नाही. चूक घडलीच तर ती पुढे, उताविळीने किंवा आळसाने घडते, आणि ती टाळणे घरच्यांच्या हाती आहे. नोंद ठेवावी, गहू चालू ठेवून परीक्षा करावी, दोन्ही तपासण्या मागून घ्याव्यात, आणि निदान झाल्यावर पथ्य कसोशीने पाळावे. एवढे केले तर भाकरीच्या या देशात सीलिअ‍ॅकचे मूल इतर मुलांच्या पंक्तीस बसून, त्यांच्याच इतके जेवून, त्यांच्याच इतके वाढेल.